पान एकेचाळीस

किनेश्मा, ९ ऑक्टोबर १९८२

ग्लेब इनोकेंतिएविच,

सवयीने ‘प्रिय’ लिहून गेले होते. खोडलं नाही, कागदच बदलला. माझी खाडाखोडसुद्धा तुझ्या हाती पडू नये.

साडेआठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण आमच्या तंत्रशाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना तुझं नाव दिसलं. विज्ञान अकादमीच्या सदस्यांच्या डिसेंबरातल्या निवडणुकीसाठी सुचवलेल्यांची यादी. भौतिकशास्त्राखाली सातवं नाव: तार्खोव, ग्लेब इनोकेंतिएविच, कार्य, अस्थिर निर्वात अवस्थांचा ऱ्हास आणि विश्वोत्पत्तीवरचे त्याचे परिणाम. वाचताना मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. उलट, स्वयंपाक अगदी हवा तसा शिजल्यावर झाकण उघडताना वाटतं ना, तसं वाटलं.

तुझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मी मॉस्कोहून मागवली. फोटोत जाड झाला आहेस. पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं. माझं टेबल म्हणजे चार बिऱ्हाडांत मिळून एका स्वयंपाकघराचा एक कोपरा. शेजारच्या पेलागेया मावशी कोबीला मीठ चोळत होत्या. ओल्या हाताने त्यांनी ते उचललं.

“कशावर आहे गं हे?”

“पोकळीवर.”

“पोकळीवर एवढं जाड?”

मग त्यांना सांगावं लागलं. म्हटलं, मावशी, समजा डोंगरात एका खळग्यात पाणी साचलंय. त्याला वाटतंय आपण तळाला आहोत. पण डोंगरापलीकडे त्याहून खोल दरी आहे. पाणी काही डोंगर चढत नाही. पण अणूंच्या जगात, फार फार क्वचित, डोंगर न चढताच ते पलीकडे उमटतं. आपण जिला रिकामी जागा म्हणतो ती अशीच वरच्या खळग्यातली असू शकेल. तसं असेल तर कधीतरी, कुठेतरी, अणूहूनही लहान एक बुडबुडा उमटेल. त्याच्या आत दरीतली पोकळी. तो फुगत जाईल, प्रकाशाच्या वेगाने, आणि वाटेत जे येईल त्याचे नियमच बदलतील. लोखंड लोखंड राहणार नाही, मीठ मीठ राहणार नाही.

“येताना दिसेल का?”

“दिसेल त्या क्षणी आलेलाच असेल.”

“मग उत्तम. बूट शोधत बसायला नको.” त्या पुन्हा कोबीकडे वळल्या. “आणि हा फोटोतला बुवा काय म्हणतो? कधी येणार?”

“तो म्हणतो, एका विशिष्ट प्रकारचं विश्व असतं, तर तारे पेटायच्या आधीच ते असं संपलं असतं. आपण तर आहोत. म्हणजे आपलं विश्व तसं नाही. त्याने ती शक्यताच निकालात काढली. त्याचंच सगळं नाव आहे.”

“खरं आहे का ते?”

“चूक आहे,” मी म्हणाले.

ग्लेब, हे दोन शब्द मी साडेआठ वर्षांत पहिल्यांदा तोंडाने उच्चारले. मावशींनी नुसती मान हलवली आणि म्हणाल्या, “चेहऱ्यावरूनच वाटतं.”

तर, तुझ्या पुस्तकात एक चूक आहे. छपाईची नाही. ती काढली तर तुझा निष्कर्ष, तुझी पदवी आणि डिसेंबरातलं ते सातवं नाव, यांतलं काहीच उभं राहत नाही. ती कुठे आहे ते मी आज सांगणार नाही. दोनशे बारा पानं आहेत, शोध. मी गिरणीतल्या मुलींना पट्टे आणि चात्या शिकवते, मला कसलीच घाई नाही.

रिम्मा झाल्किंद


किनेश्मा, २ नोव्हेंबर १९८२

ग्लेब इनोकेंतिएविच,

पोचपावती आली. पत्र रजिस्टरने पाठवलं ते त्यासाठीच. सही पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे, पण शेवटचं अक्षर थरथरलंय. की टपालवाल्याने पेन वाईट दिलं?

उत्तर नाही. बरं. तू शोधलंस का? माझ्या अंदाजाने शोधलं नाहीस. पुस्तक उघडून बसलास, पहिल्या सूत्रापर्यंत गेलास, आणि तुझ्या लक्षात आलं की यातलं गणित आपण कधी केलेलंच नाही. तर सांगते.

परिशिष्ट दुसरं. तिथे तू लिहिलंयस, ‘लांबलचक पण सरळ गणित केल्यास पुढील आकडा मिळतो.’ हे वाक्य मला फार आवडतं. ज्याने गणित केलं त्याला ते कधीच सरळ वाटत नाही. वरच्या खळग्यातून दरीत जाण्याच्या वाटेवर एक टेकडी नाही, दोन आहेत. एकसारख्या. बुडबुड्याच्या कवचाचा ताण काढताना दोन्ही मोजायला हव्यात. तुझ्या परिशिष्टात एकच मोजली आहे. ताण निम्मा झाला. तो ताण पुढे चौथ्या घातात जातो, म्हणजे सोळाचा फरक. तुझ्याकडे सव्वीस येतात तिथे चारशे सोळा यायला हवेत, आणि तो आकडा घातांकात बसतो हे तुला सांगायला नको. सव्वीस म्हणजे विश्व जन्मताच गेलं. चारशे सोळा म्हणजे ते आजवर आरामात टिकलं असतं. जे विश्व तू अशक्य ठरवलंस ते बहुधा हेच आहे, ग्लेब, ज्यात आपण दोघं राहतो.

आणि हेही लिहून ठेवते, म्हणजे तुला शंका नको: ती चूक माझी आहे. वहीचं पान एकेचाळीस, माझं अक्षर, माझी निळी शाई. मी ती कधीही नाकारणार नाही.

वही आठवते ना? सोमवारी तू घरी आलास. ११ मार्च १९७४. ओसिपने देश सोडायचा अर्ज केला होता, आणि भावाच्या अर्जाची किंमत बहीण भरणार हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आईने तुला गाजराचं गोड कालवण वाढलं. तू दोनदा मागून घेतलंस. मग मला बाहेर, कोटांच्या खुंटीपाशी नेऊन म्हणालास, “रिमुष्का, झडती झाली तर वही जाईल. माझ्याकडे दे. माझ्या कपाटात कुणी हात घालणार नाही.” मी दिली. सहा वर्षं आपली टेबलं शेजारी होती. मी तुला किडनीसुद्धा दिली असती.

गुरुवारी मला काढायला संस्थेत सभा झाली. अकरा जणांनी तोंडं उघडली, पण बाकीच्यांनी कागदावरचं वाचलं. तू न वाचता बोललास. “रिम्मा ल्वोव्नाचं आमच्या कामातलं योगदान तांत्रिक स्वरूपाचं होतं. टंकलेखन, कोष्टकं.” तेवढं कुणी तुझ्याकडून मागितलंही नव्हतं. ‘मी तिच्या भावाच्या कृत्याचा निषेध करतो’ एवढ्यावर तुला सोडलं असतं. ती कोष्टकं तू स्वतःहून घातलीस.

दोन वर्षांनी ओसिपला परवानगी मिळाली. माझी नोकरी मात्र दोन दिवसांत गेली. आई आणखी पाच वर्षं जगली आणि दर शुक्रवारी विचारायची, “ग्लेब जेवायला का येत नाही गं?” मी सांगायचे, त्याची नोवोसिबिर्स्कला बदली झाली. तिच्या लेखी तू शेवटपर्यंत गुणी मुलगा राहिलास. त्यात तुझं पुण्य काही नाही, माझा खोटेपणा आहे.

आता तुला चूक ठाऊक आहे. निवडणुकीला सहा आठवडे आहेत. मासिकाला दोन ओळींचं पत्र लिहायला दहा मिनिटं लागतात. बघू या.

रि. झा.


किनेश्मा, २९ नोव्हेंबर १९८२

ग्लेब इनोकेंतिएविच,

काल, रविवारी, तुझी विद्यार्थिनी इथे येऊन गेली.

ताइसिया. उंच, पातळ कोट, बोटांना शाई. दारात उभी राहून म्हणाली, “तुम्हीच झाल्किंद का? एकोणीसशे त्र्याहत्तरच्या?” जणू काही मी एखादी जुनी आवृत्ती आहे. संस्थेच्या तळघरात तिला आपलं ते चार पानी टिपण सापडलं, दोन नावांचं, ‘सविस्तर गणित पुढे प्रसिद्ध होईल’ असं लिहिलेलं. पुढे जे प्रसिद्ध झालं त्यावर एकच नाव का, असं तिने तुला विचारलं. तू म्हणालास, त्या बाईंनी विज्ञान सोडलं. मग तिने टपाल खात्यातल्या एका नात्यातल्या बाईकडून माझा पत्ता काढला. ही मुलगी चिवट आहे. तुला शिष्य निवडता येतात.

तिला आत घेतलं. मावशींनी न विचारताच बटाटे आणि खारवलेली आळंबी पुढे ठेवली. मुलगी खाता खाता रडायला लागली. मावशी म्हणाल्या, “मीठ पुरेसं आहे गं त्यात.”

तिने सांगितलं ते असं. तिच्या प्रबंधात तुझा आकडा पाया म्हणून घालायचा आहे. तिने तो यंत्रावर पुन्हा काढून पाहिला. दोन वर्षं काढते आहे. दर वेळी चारशे सोळा येतात. दर वेळी तू म्हणतोस, “तुमच्या यंत्राला पोकळी कळत नाही, ताया, आणि तुम्हालाही अजून कळलेली नाही.” तिला वाटायला लागलं होतं की आपण मठ्ठ आहोत. ती हे शास्त्र सोडून एका शाळेत नोकरी धरणार होती.

मी विचारलं, “शेवटचं कधी म्हणाले ते असं?”

“गेल्या मंगळवारी.”

गेला मंगळवार म्हणजे २३ तारीख. माझ्या दुसऱ्या पत्राची पोचपावती, तुझ्या सहीची, १० तारखेची आहे. म्हणजे चूक कुठे आहे हे ठाऊक असून, पान आणि शाईचा रंग ठाऊक असून, तू त्या मुलीच्या तोंडावर तिलाच मठ्ठ म्हणालास. पूर्वी तू घाबरून वाईट वागलास असं मी कधीकधी स्वतःला सांगायचे. आता तो आधारही तू काढून घेतलास. उपकार झाले.

मी तिच्यापुढे कागद मांडून दोन्ही टेकड्या काढून दाखवल्या. तिने दोन्ही स्वतः पुन्हा मोजल्या. मग विचारलं,

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“चौऱ्याहत्तरपासून.”

“आणि तुम्ही गप्प बसलात? माझी दोन वर्षं गेली त्यात. आणखी किती जणांची गेली असतील!”

पेलागेया मावशी चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनीही माझी बाजू घेतली नाही.

हे तुला सांगते आहे ते दया यावी म्हणून नाही. माझ्या गप्प बसण्याचा हिशेब मी त्या मुलीला देईन. तुझा तू दे.

ती १६ डिसेंबरच्या चर्चासत्रात आपला आकडा मांडणार आहे. निवडणुकीआधीचं शेवटचं सत्र. माझं नाव ती घेणार नाही, तसं मीच तिला बजावलंय. वहीबद्दलही तिला एक शब्द सांगितलेला नाही, आईशपथ. तेव्हा घाबरू नकोस. भर सभेत तुला कुणी जाब विचारलाच, तर पान एकेचाळीस माझं आहे हे विसरू नकोस. मी नाकारणार नाही असं आधीच लिहून दिलंय.

रिम्मा


किनेश्मा, १९ डिसेंबर १९८२

ग्लेब,

तू मला पाहिलंस. शेवटच्या रांगेत, खांबाला लागून, राखाडी शाल. तुझी नजर येऊन गेली, परत आली, आणि मग तू चष्मा पुसायला घेतलास.

तू तिथेच होतास, पण तुला काय दिसलं असेल कोण जाणे. म्हणून मला काय दिसलं ते लिहिते.

ताया फळ्यापाशी गेली तेव्हा तिच्या हातातला खडू दोनदा मोडला. पण बोलायला लागली आणि आवाज लागला. संस्थेतले सगळ्यांत ज्येष्ठ, व्सेवोलोद याकोव्लेविच, पहिल्या रांगेत, नेहमीसारखे डोळे मिटून. म्हातारा झोपला असं नव्यांना वाटतं. ती ‘चारशे सोळा’ म्हणाली आणि त्यांनी डोळे उघडले.

“थांबा. तार्खोवच्या पुस्तकात किती आहेत?”

“सव्वीस.”

“सोळा पट? घातांकात?” ते खुर्चीतच मागे वळले. “अरे ग्लेब, हा काय प्रकार आहे? हिच्या आकड्याने ते विश्व जगतं. मग आपण सगळे याच खळग्यात बसलेले असू की!”

हॉलमध्ये हसू पिकलं. तूही हसलास. “व्सेवोलोद याकोव्लेविच, विद्यार्थिनीच्या यंत्रावर...”

“यंत्र सोड. मी तिच्याबरोबर मनात करत आलो. टेकड्या दोन आहेत. तू एकच मोजलीस. कशी?”

कुणीतरी मागून ओरडलं, “अर्धं विश्व वाचवायला वेळ नव्हता!” पुन्हा हसू. आणि त्या हसण्यात तुझे कान लाल झाले. ग्लेब, तुझे कान मी सहा वर्षं शेजारून पाहिले आहेत. ते लाल झाले की तू जवळ जो असेल त्याच्या अंगावर दोष ढकलतोस. शाईची दौत सांडली की मी, तारीख चुकली की मी, तिकिटं हरवली की मी. जगात तुला काहीही सोसवेल, पण चुकलास म्हणून लोक हसलेले सोसवत नाहीत. चोर म्हणाले तर एक वेळ चालेल.

तू उभा राहिलास. “ते गणित माझं नाही,” म्हणालास. “हवं तर दाखवतो. रिम्मा ल्वोव्ना झाल्किंदच्या वहीत आहे, पान एकेचाळीस, तिच्या स्वतःच्या अक्षरात. चूक तिची आहे. मी केवळ विश्वासाने उतरवून घेतली.”

एवढं बोलून तू खाली बसलास. सुटल्यासारखा दिसलास. खरंच, तुझ्या चेहऱ्यावर सुटका होती.

हसू थांबलं होतं. म्हाताऱ्याने शेजारच्याच्या मांडीवरून तुझं पुस्तक उचललं, प्रस्तावना उघडली आणि मोठ्याने वाचलं: “‘या ग्रंथातील सर्व गणिते लेखकाने स्वतः केलेली आहेत.’ हं.” पुस्तक मिटलं. “म्हणजे वही तुझ्याकडे आहे.”

तू पुन्हा चष्मा पुसायला घेतलास.

“आणि पहिली चाळीस पानं कुणाच्या अक्षरात आहेत, ग्लेब?”

दीडशे माणसं होती त्या हॉलमध्ये. रेडिएटरमधलं पाणी वाजत होतं ते ऐकू आलं.

हे मी घडवलं. तुला कळलं असेलच, तरी लिहून देते. मासिकाला मी थेट पत्र पाठवलं असतं तर काय झालं असतं? तू चूक कबूल केली असतीस, नम्रपणे, आभार मानून, आणि लोक म्हणाले असते, काय मोठा माणूस. चूक कुणाचीही होते. चुकीने तू मेला नसतास. चोरी सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? वही तुझ्या कपाटात. ती चाळीस पानं माझी आहेत हे भर सभेत सांगू शकेल असा जगात एकच साक्षीदार होता, आणि तो तू. म्हणून तुला दोनदा लिहिलं की चूक माझी आहे. पान सांगितलं, शाई सांगितली. तुझ्या हाती ते पान ठेवलं आणि वाट पाहिली.

सत्र संपल्यावर म्हातारा माझ्याकडे आला. काठी टेकत, रांगा ओलांडत.

“रिम्मा ल्वोव्ना, तुम्ही माझ्याकडे का नाही आलात? तेव्हाच?”

मी म्हणाले, “व्सेवोलोद याकोव्लेविच, मला काढायच्या ठरावाला हात तुम्हीही वर केला होता.”

त्यांनी काठी काखेत धरली. मग कानटोपी घातली, उलटी, आणि तसेच गेले.

ताया बाहेर पायऱ्यांवर भेटली. तिला आता सगळं कळलं होतं. मी तिचा खडू करून तुझ्यावर रेघ ओढली हेही. ती म्हणाली, “मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही. मी तरीही बोलले असते.” आणि माझा निरोप न घेता बसमध्ये चढली.

गाडीत बसल्यावर मी डब्यातलं थंड मांस खाल्लं, सगळं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. किती तरी वर्षांनी मला अशी भूक लागली होती.

रिम्मा


किनेश्मा, ६ फेब्रुवारी १९८३

ग्लेब,

तुझं नाव यादीतून गेलं ते वाचलं. पुस्तकाची विक्री थांबवली तेही कळलं. वही संस्थेने तुझ्याकडून मागून घेतली आणि म्हाताऱ्याने ती मला पाठवली, सोबत चिठ्ठी नाही, नुसती वही. संस्थेत परत येण्याबद्दल वेगळी विचारणाही आली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. गिरणीतल्या मुलींची परीक्षा मे महिन्यात आहे.

तायाचं टिपण मार्चच्या अंकात येतंय. तिने एक पाऊल पुढे टाकलंय. गुरुत्व हिशेबात घेतलं, तर काही खळगे असे निघतात की त्यातून पाणी कधीच पलीकडे उमटू शकत नाही, वाट कितीही पाहा. सुंदर आहे ते. आपल्याला सुचायला हवं होतं. मला तिने प्रत पाठवली, कोरी, सही न करता. हळूहळू करेल. किंवा करणार नाही; तिचा हक्क आहे.

आणि परवा तुझं पत्र आलं. नऊ वर्षांत पहिलं. त्यात एकच ओळ: ‘चूक तू मुद्दाम पेरली होतीस का?’

मी तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला. मावशींनी वाचला आणि म्हणाल्या, “लिहू नकोस काही. तडफडू दे.” मलाही तेच हवं होतं. तुला उत्तर न देणं यासारखी दुसरी शिक्षा नव्हती. तू आयुष्यभर चाचपडत राहिला असतास की आपण एका बाईच्या सापळ्यात पडलो, की आपल्याच खड्ड्यात. पण सापळा होता असं तुला वाटलं, तर तुला आधार मिळेल. मग तू फसवला गेलेला माणूस होशील. ते मी तुला देणार नाही. म्हणून खरं ते लिहिते.

नाही, पेरली नव्हती. प्रामाणिकपणे चुकले होते. ओसिपच्या अर्जाचं घरात चाललं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, एक टेकडी मोजली आणि दुसरी राहिली. सोमवारी तुला वही दिली तेव्हा मलाही सव्वीसच खरे वाटत होते.

गुरुवारी सभा झाली. शुक्रवारी मी घरी बसून होते, करायला काही नव्हतं, आईसमोर रडायचं नव्हतं. म्हणून आठवणीने गणित पुन्हा मांडलं, पहिल्यापासून. शनिवारी दुपारी दुसरी टेकडी दिसली. रविवारी सगळं स्वच्छ अक्षरात एका कागदावर उतरवलं.

तू सभेत जे बोललास ते माझ्या कानात तसंच होतं, ग्लेब. पण गणित चुकीचं होतं, आणि ते तुझ्याकडे होतं. ते तसंच छापलं जाऊ नये एवढंच मला वाटलं.

सोमवारी, १८ मार्चला, मला संस्थेचा परवाना परत करायचा होता. मी तो कागद कोटाच्या खिशात ठेवून गेले. परवाना दिला, पण बाहेर फाटकापाशी थांबले. बर्फ वितळत होता, बुटांत पाणी जात होतं. दोन तास उभी होते. सव्वाअकराला तू बसमधून उतरलास. मला पाहिलंस. मी खिशातून कागद काढला आणि हात पुढे केला.

तू रस्ता ओलांडून पलीकडे गेलास.

रिम्मा